दाराशी सांगायची गोष्ट

गणपती गेले की लालबाग आठवडाभर तापातून उठल्यासारखं दिसतं. मांडवांचे बांबू सोडवून रस्त्याच्या कडेला रचलेले असतात, फुटपाथवरचे खड्डे कोणीतरी अर्धेमुर्धे बुजवतं, आणि परवापर्यंत ज्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती तिथे भरदुपारी एखादं कुत्रं आडवं पसरून झोपतं. मग भाजीच्या गाड्यांवर लाल भोपळ्याच्या फोडी, गवार, कारली, अळूची पानं दिसायला लागतात. वाण्याकडे काळे तीळ पुढच्या फळीवर येतात. सोनाराच्या दुकानातली माणसं माश्या मारत बसतात. पक्ष लागला, असं म्हणून लोक सगळं नवं काम पुढे ढकलतात. घर बघायचं नाही, गाडी घ्यायची नाही, मुलगी दाखवायची नाही. आम्ही कोकणातली माणसं या दिवसांना म्हाळाचे दिवस म्हणतो. गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या नावाने पान वाढायचं, कावळ्याला घासाची वाडी ठेवायची, चार माणसं जेवू घालायची, तो म्हाळ.

बाकीच्यांना हे दिवस अशुभ वाटतात. माझा हा कामाचा मोसम होता.

मी आरोग्यसेविका आहे. परळपासून लालबागपर्यंतच्या काही चाळी आणि आता त्यांच्यात उगवलेले एकदोन टॉवर हा माझा विभाग. घरोघर जायचं, कोणाला ताप आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली, कोणाचा खोकला लांबलाय हे बघायचं आणि वर कळवायचं. लहान मुलं मला ‘डोसवाली’ म्हणतात, म्हातारी माणसं ‘नर्सबाई’ म्हणतात, आणि खात्याच्या भाषेत मी यांपैकी काहीच नाही. खात्याच्या भाषेत मी स्वयंसेविका. म्हणजे काम सगळं आणि खुर्ची नाही.

तर गेल्या महिन्यात ऑफिसातून फोन आला. क्षयरोगाचं नवं धोरण ठरतंय, त्यात तुम्हा सेविकांचा सहभाग हवाय, मीटिंगला या आणि मोकळेपणाने बोला, असं फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. ‘मोकळेपणाने’ हा शब्द ऐकला आणि मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावला. आम्ही एकदा मोकळेपणाने बोललो होतो. त्या वर्षीचे म्हाळाचे दिवस मला अजून विसरता येत नाहीत.

टीबीची एक गंमत आहे. गंमत कसली, वैताग आहे. हा रोग माणसाला होतो आणि लाज अख्ख्या घराला होते. वर्षभर दारोदार विचारत फिरा, ‘घरात पूर्वी कोणाला टीबी झाला होता का हो?’ उत्तर ठरलेलं. ‘छे, आमच्यात नाही तसलं काही.’ आमच्यात नाही! जसं काही टीबी जात विचारून येतो. माणूस अल्सरने गेलेला असतो, न्यूमोनियाने गेलेला असतो, दारूने गेला असंही सांगतील, पण टीबीचं नाव घेणार नाहीत. घरात लग्नाची मुलगी असेल तर मग विचारूच नका.

पण म्हाळाच्या दिवसांत हीच घरं बोलायला लागतात. हे मला सुशीलाताईंनी शिकवलं. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सेविका. त्यांनी मला हाताला धरून या कामात आणलं. म्हाळाच्या दिवशी घरात वडे तळल्याचा वास असतो, काळ्या वाटाण्याची उसळ शिजत असते, भिंतीवरचा फोटो खाली काढून पुसलेला असतो, दार सताड उघडं असतं. सुशीलाताई दारात थांबायच्या, फोटोकडे बघायच्या आणि म्हणायच्या, ‘कसे हो गेले?’ बस, एवढंच. त्या दिवशी ते विचारणं ही चौकशी नसते, ती रीत असते. मग घरातली बाई वडा उलटता उलटता सांगायला लागते. ‘शेवटी शेवटी अगदी काडी झाले होते.’ ‘उशीला टेकून बसूनच झोपायचे.’ ‘गोळ्या चालू होत्या, पण उष्ण पडायच्या ना, मग सोडल्या अर्ध्यावर.’ रोगाचं नाव कोणी घेत नाही आणि घ्यायची गरजही नसते.

सुशीलाताई ऐकून घ्यायच्या, हातावर ठेवलेला वडा खायच्या, निघायच्या. आणि उंबऱ्यावर, चपला घालताना, मागे वळून अगदी हळू आवाजात विचारायच्या, ‘आणि आता कोण खोकतं?’ आत चार माणसांत जे कोणी सांगणार नाही ते दाराशी कळायचं. ‘नातू खोकतो, पण कोणाला बोलू नका.’ त्या बोलायच्या नाहीत. पदराखालून थुंकी तपासायची छोटी डबी त्या बाईच्या हातात जायची, आणि दुसऱ्या दिवशी ती भाजीच्या पिशवीतून आमच्या केंद्रात यायची. औषधं सुरू व्हायची. चाळीला पत्ता लागायचा नाही, आणि सहाआठ महिन्यांत पोरगा पुन्हा क्रिकेट खेळायला लागायचा.

‘खरी गोष्ट दाराशी कळते,’ असं सुशीलाताई म्हणायच्या. ‘एक पाय आत, एक पाय बाहेर असला की माणूस खोटं बोलायला कंटाळतो.’ मला तेव्हा वाटायचं, काय हे बायकी शहाणपण. पण इतकी वर्षं हिंडल्यावर तेच खरं निघालं आहे. टॉवरमध्ये तेवढं अवघड जातं. तिथे दार उघडतं ते साखळी लावून, आणि कावळ्याचीही पंचाईत. एका घरची वाडी तर खाली गाड्या लावायच्या जागेत ठेवतात आणि कावळा शिवला की नाही ते वॉचमन इंटरकॉमवर वर कळवतो. हसू येतं, पण त्या वॉचमनशी मी ओळख ठेवून आहे. त्यालाही बरंच माहीत असतं.

मग ती मीटिंग झाली, आम्ही मोकळेपणाने बोललो ती पहिली. उन्हाळ्याचे दिवस होते, दादरला एसी हॉल, प्रत्येकीसमोर नावाची पाटी आणि पाण्याची बाटली. आम्ही बायका जरीकाठाच्या साड्या नेसून गेलो होतो. स्वतःच्या नावाची पाटी कोणी टेबलावर ठेवतं हे आमच्यापैकी पुष्कळजणींनी पहिल्यांदा बघितलं, आणि दोघीतिघींनी ती हळूच पर्समध्ये टाकली. धोरण आखणाऱ्या मॅडम तरुण होत्या, आणि खरं सांगते, चांगल्या होत्या. त्यांना दोष देऊन मोकळं व्हावं असं मला फार वाटतं, पण ते जमत नाही. त्या खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘वर बसून आम्ही ठरवतो आणि खाली तुम्ही भोगता. हे बदलायचंय. तुम्ही रोगी कसे शोधता ते मला तुमच्याकडून शिकायचंय.’ असं आमच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. सुशीलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या उठल्या, माईक तोंडापासून हातभर लांब धरला आणि म्हाळाच्या दिवसांचं सगळं सांगितलं. वडे, फोटो, ‘कसे हो गेले’, सगळं. सुटातला एक माणूस ‘भन्नाट!’ असं ओरडला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मला तर मीच बोलून आल्यासारखा अभिमान वाटत होता.

चहाच्या वेळी सुशीलाताई हातात समोशाची बशी घेऊन मॅडमना शोधत गेल्या. मी मागेच होते. हॉलच्या दाराशी त्यांनी मॅडमना गाठलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, ‘मॅडम, एक सांगते. हे कोणाला कळता कामा नये हां. कळलं की संपलं. पोस्टर लावू नका, टोप्या घालून पाठवू नका. शेजारीण म्हणून जायचं, मोहीम म्हणून नाही जायचं.’ मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ‘नक्की, ताई.’

त्या मनापासून म्हणाल्या असतील. पण माईकवर जे बोललं गेलं ते कोणीतरी टाइप करत होतं, आणि दाराशी समोसा हातात धरून जे बोललं गेलं ते कोणीच टाइप केलं नाही. आमचा सगळा जन्म मुख्य गोष्ट चार माणसांत न बोलता दाराशी बोलण्यात गेलेला. तिथेही आम्ही तेच केलं. त्या हॉलात उलटी रीत असते, तिथे माईकवर बोललेलंच तेवढं खरं धरतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आमच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच पावसाळ्यात वत्सलावहिनींच्या घरातला खोकला माझ्या कानावर आला. वहिनी माझ्या विभागातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. नवरा टेम्पो चालवायचा, तो काही वर्षांपूर्वी गेला. अल्सरने, असं सगळ्यांना सांगितलेलं. मी तेव्हा त्याला जिना चढताना बघितलं होतं, त्यामुळे अल्सर वगैरे मला सांगू नये. वहिनींनी जेवणाचे डबे करून एकुलती मुलगी वाढवली. अश्विनी तिचं नाव. मॉलमध्ये घड्याळांच्या काउंटरवर उभी असायची. बोलायला फटाकडी. मी खोकल्याचं विचारलं तर म्हणाली, ‘ताई, एसीचा आहे तो. दिवसभर एसीत उभं करतात यार, तुम्ही या एकदा उभ्या राहायला.’ हसली, आणि हसता हसता खोकली, आणि ओढणी तोंडाशी धरून बराच वेळ थांबली. तिचे ड्रेस तिला ढगळ व्हायला लागले होते.

तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला, देवगडकडची माणसं. स्थळ आणलं होतं त्याच्या आत्याने, आणि ही आत्या राहायला वहिनींच्याच चाळीत, पहिल्या मजल्यावर. दसऱ्यानंतर साखरपुडा करायचा होता. आता अशा घरात शिरून ‘चल गं, तुझी थुंकी तपासू’ कसं म्हणणार? मी नुसती जाता-येता थांबत राहिले. डब्यांच्या भाजीची चौकशी केली, गवार निवडायला बसले. शेवटी एक दिवस निघताना वहिनी दारापर्यंत आल्या, गॅलरीत दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या, ‘आत्ता नको गो, संगीता. तुझ्या भाऊजींच्या म्हाळाला ये. त्या दिवशी घरात माणसांची ये-जा असते, तू का आलीस म्हणून कोणी विचारायचं नाही. मी सांगेन तुला सगळं. आणि ती तुझी डबी पण आण.’

मी जिना उतरले तो हवेतच. डबी आण, असं वहिनी स्वतः म्हणाल्या होत्या. एवढं झालं की पुढचं सगळं मला पाठ होतं. पोरगी गोळ्या घेईल, मी कोणाला कळू न देता पोचवीन, उन्हाळ्यापर्यंत तिच्या अंगावर मांस येईल. साखरपुडासुद्धा मोडायला नको. मी तिच्या लग्नात कुठली साडी नेसायची इथपर्यंत जाऊन आले होते.

आणि मग अनंत चतुर्दशी झाली आणि चाळींच्या तोंडाशी पोस्टरं लागली. पोस्टरवर एक हसरा कावळा होता. त्याने मास्क लावलेला, एक पंख वर करून तो थुंकीची डबी दाखवत होता. खाली लिहिलं होतं, ‘आठवण त्यांची, तपासणी आपली’. पितृपंधरवड्याची खास मोहीम. दारोदार पथकं येणार, प्रत्येक घरात मृत्यूचं कारण विचारणार, प्रत्येक दाराला स्टिकर लावणार.

चाळ पेटली. ‘आमच्या बापाला मास्क घालता काय रे?’ म्हणून एका म्हाताऱ्याने कावळा फाडला. पोरांनी त्याचे फोटो काढून नको नको ते लिहून फिरवले. सुशीलाताईंनी ते पोस्टर बघितलं तेव्हा मी बरोबर होते. त्या रेशन दुकानाच्या पायरीवर बसल्या. ‘हे मी नव्हतं गं सांगितलं,’ म्हणाल्या. ‘हे मी नव्हतं सांगितलं.’ त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

भाऊजींच्या म्हाळाच्या दिवशी माझ्या अंगात साडीवर घातलेला पांढरा टी-शर्ट होता आणि डोक्यावर टोपी. टोपीवरही कावळा. पथकाबरोबर नाही आलीस तर उद्यापासून येऊ नकोस, असं ऐकवलेलं. खाली टेम्पोवर भोंगा चालू होता. मी पथकाच्या साहेबांना म्हटलं, ‘सर, तिसरा मजला संध्याकाळी करू या. मी एकटी करते.’ ते म्हणाले, ‘ताई, फोटो उजेडात चांगले येतात.’

वहिनींचं दार उघडं होतं. आत पंगत बसलेली. दीर, जाऊ, शेजारची माणसं, आणि पहिल्या मजल्यावरची आत्या. अश्विनी खिरीचं पातेलं घेऊन मधे उभी. साहेब उंबऱ्यावर उभे राहिले आणि जाहीर सभेत विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘नमस्कार! आपल्या घरात पूर्वी टीबीने कोणी वारलं आहे का? सध्या कोणी खोकतं का?’ फोटोवाला पुढे सरकला.

अश्विनीला खोकला आला. तिने तो गिळला. मी बघितलं, तिने ओठ गच्च मिटले, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, डोळे भरले, पण आवाज बाहेर पडू दिला नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे टोपीकडे. मग म्हणाल्या, ‘आमच्यात नाही तसलं काही,’ आणि दार लावून घेतलं. चाळीत दिवसाढवळ्या, आत पंगत बसलेली असताना, म्हाळाच्या दिवशी दार बंद. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. साहेबांनी बंद दारावर नारिंगी स्टिकर लावला. ‘तपासणी बाकी.’ डबी माझ्या पर्समध्ये होती, ती तशीच राहिली.

संध्याकाळी टोपी काढून मी एकटी परत गेले. दार बोटभर उघडलं. ‘तू पण?’ एवढंच वहिनी म्हणाल्या.

आत्याने तो स्टिकर वाचला होता, आणि लोकांचं तोंड कोण धरणार? स्थळ आठवडाभरात मोडलं. वहिनींनी मुलीला कुडाळकडे तिच्या मामाकडे पाठवलं, बोभाटा शमेपर्यंत. तिथे तिने म्हणे आल्याचा रस घेतला, खोकल्याची बाटली घेतली, कोणा जाणत्याकडून अंगारा घेतला. शिमग्याच्या आधी तिला परत आणली ती थेट रुग्णालयातच. मी भेटायला गेले. खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि चेहऱ्यावर नुसते डोळे उरले होते. मला बघून म्हणाली, ‘ताई, ती टोपी ना, तुम्हाला बिलकूल सूट होत नव्हती.’ आणि हसायचा प्रयत्न केला. गुढीपाडव्याच्या आधी ती गेली.

बऱ्या होणाऱ्या रोगाने ती गेली. औषध आमच्या केंद्राच्या कपाटात होतं, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला रडू आलं त्याहून जास्त राग आला. अजून येतो. भाजी चिरता चिरता येतो, जिना चढताना येतो, आणि काढायचा कोणावर ते कळत नाही म्हणून तो परत पोटात जातो.

मोहिमेबद्दल वर खूप तक्रारी गेल्या. त्यांची दखल घेतली, असं आम्हाला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षीपासून नियम आला की लोकांच्या भावनांचा मान राखून पितृपक्षात सेविकांनी कोणत्याही घरी जाऊ नये. अजिबात. म्हणजे पहिल्यांदा आमचं ऐकून त्यांनी दारावर भोंगा आणला, आणि दुसऱ्यांदा लोकांचं ऐकून दारच बंद केलं. जे हळूच चाललं होतं ते कोणालाच दिसलं नव्हतं, म्हणून ते वाचवायचंही कोणाला सुचलं नाही. सुशीलाताई त्याच वर्षी काम सोडून मुलाकडे बदलापूरला गेल्या. फोन केला तर नातवंडांचं बोलतात, पावसाचं बोलतात. चाळीचं विचारत नाहीत. एकदाच म्हणाल्या, ‘मी ते माईकवर बोलायला हवं होतं गं.’ मी म्हटलं, ताई, माईकवर बोलला असता तर पोस्टरवर तेही छापलं असतं. त्या हसल्या नाहीत.

या वर्षीच्या मीटिंगला मी गेले. नको नको म्हणत गेले. मॅडम नव्या होत्या, हॉल तोच. यावेळी मी माईक तोंडाशी धरला आणि जे दाराशी बोलायचं ते सगळं मोठ्याने बोलले. पोस्टर नको, टोपी नको, स्टिकर तर मुळीच नको. बाईला बाईच्या घरी साध्या साडीत जाऊ द्या. ती कधी जाईल, काय विचारेल, कितीदा नुसतीच भाजी निवडून परत येईल, ते तिचं तिला ठरवू द्या. अश्विनीचंही सांगितलं, नाव न घेता. आवाज चिरकला तरी थांबले नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नव्या मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, ‘ताई, पटतंय मला. पण हे धोरणात लिहायचं कसं? सेविकेला वाटेल तेव्हा तिने जावं आणि कोणाला सांगू नये, असं लिहू?’ मी म्हटलं, ‘हो, तसंच लिहा.’ काहीजण हसले. मॅडमनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते छापून आल्यावर कळेल. आम्हाला बोलवावं असं मला अजून वाटतं, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. बोलावलं नाही तर आम्ही नाहीच. बोलावलं तर आमचं काय होईल याचा भरवसा नाही.

म्हाळ लागल्यावर वहिनींचा फोन आला. त्या दारानंतर त्या माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हत्या. ‘परवा तुझ्या भाऊजींचा म्हाळ. वर्ष होऊन गेलं, आता तिचं पण पान वाढणार आहे. भटजी म्हणाले मुलीचं असं वेगळं काही नसतं. नसू दे. तू जेवायला ये.’ नियम नियमाच्या जागी. मी रजा टाकली आणि गेले, हातात फक्त सोनचाफ्याची फुलं घेऊन.

भाऊजींच्या फोटोशेजारी अश्विनीचा फोटो होता, काउंटरवरच्या निळ्या गणवेशातला. पंगतीला दीर, जाऊ, शेजारची माणसं, आणि आत्यासुद्धा. रीत कोणाला चुकत नाही. वहिनी वाढत होत्या. पंगतीत जावेच्या माहेरची एक बाई होती, मुंबईत नवीन. तिने फोटोकडे बघितलं आणि या दिवसांत विचारतात तसं विचारलं, ‘एवढी तरणीताठी पोर, कशाने हो गेली?’

‘न्यूमोनिया,’ जाऊ घाईने म्हणाली. ‘अचानक झाला.’

वहिनी उसळीचं पातेलं घेऊन पंगतीच्या मधोमध उभ्या होत्या. दार सताड उघडं होतं, गॅलरीतून माणसं जात होती. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. म्हणाल्या, ‘न्यूमोनिया नाय. टीबीने गेली. तिचे पप्पा पण टीबीनेच गेले. मीच लपवलं दोघांचं.’

हेच वाक्य ऐकायला मी त्या घरी गवार निवडायला बसत होते. त्या वेळी ते नुसतं कुजबुजलं असतं तरी पुरलं असतं. आता ते घरभर ऐकू आलं, आणि ज्यांच्या उपयोगाला आलं असतं ती दोन्ही माणसं भिंतीशी फोटोत होती.

मग जावेने हातातला वडा पानात खाली ठेवला. आत्याने पाण्याचा पेला नुसताच बाजूला सरकवला, गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं तिला आठवलं, आणि ती उठली. भरल्या पंगतीतून, म्हाळाच्या पानावरून माणूस उठत नाही. तिच्यामागे शेजारची दोघं उठली. मग जाऊ, मग ती नवीन बाई. शेवटी दीर हात धुवायला म्हणून मोरीकडे गेले. वहिनी पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या होत्या, अर्धवट टाकलेल्या पानांकडे बघत.

मी मांडी नीट घातली, पान जवळ ओढलं आणि म्हटलं, ‘वहिनी, मला भात वाढा.’